चाललंय आपलं

कतारमध्ये वर्ल्डकपची स्टेडियमं उभी राहत होती तेव्हा मी तिथल्या अल खोरला एकटाच राहायचो. बायको मुलीच्या शाळेसाठी नाशिकला परतली होती. मराठीत बोलायला मला घरात कुणी उरलं नव्हतं, आणि ते घर खायला उठायचं.

ऑफिसात एका अमेरिकन साहेबाने आमचं ट्रेनिंग घेतलं. त्याच्या देशातल्या शंभर वर्षांपूर्वीच्या तेलगावांचे फोटो दाखवले: चिखल, तेलाचे लाकडी मनोरे, एकेका तंबूत दाटीने झोपलेले कामगार. "मग काही माणसं वही घेऊन त्यांना विचारत फिरली," तो म्हणाला, "आणि त्या वह्यांतून कायदे आले." इथेही तेव्हा कायदे बदलत होते. कामगारांच्या तक्रारींचे फॉर्म भरायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा मी काय चढून गेलो म्हणता! जणू सुधारक मीच.

बिरकत अल अवामेरच्या कामगार-कॅम्पात बीडकडचा एक प्लंबर समोर बसला. मराठी ऐकताच खुलला. मोबाइलवर मुलीचा फोटो दाखवत म्हणाला, "मी इकडं आल्यावर झाली. दोन वर्षांची हाय. अजून हातात नाय घेतली."

"गोड आहे," मी म्हणालो. फॉर्मवर तक्रार लिहिली असेल त्याच्याच रजेचा प्रश्न वरच्या साहेबांकडे जाणार होता. म्हणून विचारलं, "रजेबद्दल काही तक्रार?"

त्याने दाराकडे पाहिलं. "कसली तक्रार, सायेब? चाललंय आपलं."

मी 'तक्रार नाही' लिहिलं आणि पुढच्याला म्हणालो, यल्ला, चला.

शुक्रवारी दुपारी बायकोचा फोन आला. "कसं चाललंय?"

"चाललंय आपलं."

"एवढं वाईट चाललंय?" तिने विचारलं.

तिने बरोबर ओळखलं होतं. आणि मग तो प्लंबर आठवला. अरे गाढवा, काय लिहून बसलास!

रविवारी फॉर्म परत मागितला. "खलास," क्लार्क म्हणाला, "सगळे वर गेले." पुढच्या फेरीला सहा महिने होते. मी तसाच गाडी काढून कॅम्पावर गेलो. प्लंबर हात धूत होता.

"अहो, त्या दिवशी सरळ का नाही बोललात?" मीच वर चिडलो.

तो रागावला नाही. हात पुसत म्हणाला, "दारात फोरमन उभा व्हता, सायेब. त्याला हिंदी समजतं, मराठीबी थोडी कळते. म्हटलं, तुमी आपले हाय, तुमाला कळंल."