अक्कांची रिकामी जागा

एक्स-रेसारखी फिल्म धुऊन हातात आली की आम्ही सगळे काळी रेघ शोधायचो. अक्का रेघ नसलेली जागा शोधायच्या. कलबुर्गीच्या आमच्या प्रयोगशाळेत त्या तंत्रज्ञ होत्या, मूळच्या औरादच्या. मी खजुरीची, पीएचडीला आलेली, तोंडाची फटकळ. पण त्यांच्यापुढे माझी जीभ टाळ्याला चिकटायची.

आमचं काम मेंदूतल्या एका एन्झाइमवर. त्याच्या मदतीनं मेंदूच्या पेशी साखरेतून शक्ती काढतात. ते डोळ्यांना दिसत नाही. त्याला हुडकून चिकटणारी अँटिबॉडी लावायची, मग फिल्मवर रेघ उमटते. "पण त्यालाच चिकटली कशावरून?" अक्का विचारायच्या. "बाजारात जो सगळ्यांनाच ओळखतो म्हणतोय, त्याच्या ओळखीवर बैल घ्यायचा न्हाई, पोरी."

म्हणून दुसऱ्या संस्थेला पत्रांवर पत्रं लिहून त्यांनी एक नमुना मागवला. ज्या उंदरात ते एन्झाइमच नाही, त्याच्या मेंदूचा. तिथं रेघ यायलाच नको. माझा प्रबंध तेव्हा फक्त बांधायला द्यायचा राहिला होता. तीन वर्षांच्या रेघा होत्या त्यात.

रेघ आली. चांगली ठसठशीत! म्हणजे आमची अँटिबॉडी भलत्यालाच चिकटत होती. म्हणजे माझ्या तीन वर्षांच्या रेघाही खोट्या. आणि ती अँटिबॉडी पारखून घेतली होती कुणी? खुद्द अक्कांनी, मी येण्याच्या कितीतरी आधी. तेव्हा असला नमुना मिळतच नव्हता.

"फेकून देऊ ही फिल्म, अक्का. कुणाला कळणार हाय?" मी म्हणाले. सांगायला लाज वाटते, पण म्हणाले.

"मला कळलंय की. अन् तू रडायलीस कामून? चूक माझी हाय."

ओली फिल्म तशीच हातात धरून त्या प्रयोगशाळेच्या प्रमुखांच्या, माझ्या मार्गदर्शक सरांच्या, खोलीकडे निघाल्या. आयुष्यभर कमावलेलं नाव पणाला लावायला बाई निघाली ती चहाला निघाल्यासारखी! आजही आठवलं की अंगावर काटा येतो.

नवी अँटिबॉडी मागवली, सगळं पहिल्यापासून केलं. प्रबंध दोन वर्षं लांबला. तोवर अक्का निवृत्त होऊन औरादला गेल्या होत्या. प्रत घेऊन मी त्यांच्या घरी गेले आणि आभाराचं पान उघडून दिलं. पहिलं नाव त्यांचंच होतं. त्यांनी ते धड वाचलंही नाही. भराभर पानं उलटत त्या नव्या फिल्मच्या चित्रापाशी थांबल्या, चष्मा सारखा केला आणि एन्झाइम नसलेल्या उंदराच्या रकान्यावर बोट ठेवलं. तिथं काहीच उमटलं नव्हतं.

"बघ पोरी," त्या म्हणाल्या, "किती स्वच्छ रिकामं हाय." आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा अक्का माझ्यासमोर रडल्या.