रस्त्याकडे तोंड केलेला एसी

जळगावातला पहिला सार्वजनिक एअर कंडिशनर मी बसवला. तो सार्वजनिक करायचा, असं मात्र घरात कुणाचंच ठरलेलं नव्हतं. माझंही नाही.

आमचा छापखाना होता. पायाने चालवायचं एक ट्रेडल मशीन, शिशाच्या अक्षरांचे, म्हणजे खिळ्यांचे लाकडी खण, वडील म्हणजे नाना, मोठी बहीण अक्का आणि मी, दिनकर. नाना सगळ्या पक्षांची, सगळ्या संघटनांची पत्रकं छापत. मला अक्षरओळख झाली ती त्या पत्रकांवरच. इतर मुलं पाटीवर बदक आणि कमळ गिरवत होती, तेव्हा मी ‘कदापि सहन केले जाणार नाही’ वाचत होतो! परिणाम व्हायचा तो झाला. बाविसाव्या वर्षी चहात साखर कमी पडली तरी मला दोन मागण्या आणि एक जाहीर इशारा सुचायचा.

छापखान्याचं दुखणं होतं रुळांचं. मशीनला शाई लावणारे रूळ आम्ही सरस आणि गूळ आटवून ओतायचो. (हो, गूळच. आमच्याकडे नियमित येणारं गिऱ्हाईक म्हणजे मुंग्या.) मे महिन्यात दुपारचे बारा वाजले की हे रूळ काकवीसारखे ओघळायला लागत. कूलर लावून पाहिला, तर दमट हवेने कागद पापडासारखे वळले. म्हणून उन्हाळाभर मशीन फक्त पहाटे चालायचं, आणि लग्नसराई नेमकी उन्हाळाभर!

अशात एका मंगळवारी फैजपूरचे आबा आले. केळीचे मोठे बागाईतदार. मुलीचं लग्न, दोन हजार पत्रिका.

“मले रविवारी पाह्यजे,” आबा म्हणाले. “नाही जमत असंल तं आताच सांगून द्या. तो नवा आफसेटवाला घरी येऊन मले जिलबी खाऊ घालून राह्यला.”

“रविवारी मिळतील, आबा,” नाना म्हणाले. आबा गेल्यावर मात्र खाली बसले. “पहाटेचा वेळ हातातल्या कामांनाच पुरत नाही. अन् हे गिऱ्हाईक गेलं तर सगळा केळीपट्टा गेला. मग मशीन भंगारात अन् दिनकर, तू कुणाच्यातरी दुकानात नोकरीला.”

नोकरी! भांडवलदाराकडे! माझ्या अंगावर काटा आला.

बरेच दिवस घोळत असलेला एसी आता घ्यायचाच, असं नानांनी त्या क्षणी ठरवलं. इथपर्यंत ठीक होतं. पण कुठल्या कंपनीचा घ्यायचा, हे ठरवायचं काम त्यांनी माझ्याकडे दिलं.

मी बाजारातल्या दुकानांतून माहितीपत्रकं गोळा केली आणि तत्त्वाच्या कसोटीवर तपासली. ‘लंडन-कूल’ पहिल्याच फेरीत बाद. चले जाव म्हणायचं आणि चाळीस वर्षांनी त्यांचंच वारं अंगावर घ्यायचं? दुसरा ‘चक्रवर्ती’. प्रजासत्ताकात राहून चक्रवर्ती? बाद! तिसऱ्याच्या माहितीपत्रकावर एक साहेब मे महिन्यात रजई घेऊन झोपले होते आणि शेजारी नोकर ट्रे धरून उभा होता.

“अक्का, त्या नोकराच्या कपाळाकडे बघ. घाम आहे!”

“शाईचा डाग आहे तो. छपाई खराब आहे.”

“घामच आहे! बाद!”

“दिन्या,” अक्का म्हणाली, “यातला खोली गार करणारा कुठला, ते बघितलंस का?”

तो प्रश्न मी यादीत घेतलेला नव्हता.

बुधवारी सकाळी मी धुळ्याची एसटी पकडली. तिथे बंद पडलेल्या कारखान्यातल्या कामगारांनी सहकारी तत्त्वावर एसी जोडायचं काम सुरू केल्याचं एका पत्रकात वाचलं होतं. नाव ‘श्रमिक’! मी नाव वाचलं तेव्हाच खरेदी झाली होती, बाकी सगळी औपचारिकता. शेडमध्ये गुलाबभाऊ नावाचे मेकॅनिक भेटले.

“मालक कोण आहे?” मी करारी आवाजात विचारलं.

“मालक कोनीच नही, भाऊ. बठ्ठा कामगारच शेतस.”

“सगळे कामगारच! मग निर्णय कोण घेतं?”

“बठ्ठा मिळीसन.”

“जेवणाची सुट्टी?”

“अर्धा तास.” गुलाबभाऊ माझ्याकडे बघत राहिले. “भाऊ, मशीन गार करस का नही, ते तं इचारा!”

मी त्यांचा हात हातात घेतला. “तुमच्यावर माझा विश्वास आहे.”

टेम्पोत मशीन चढवताना त्यांनी बजावलं, “मी शनवारले येसु नि बसाडी देसु. तवलोंग हात लावू नका.”

पण शनिवारपर्यंत थांबतो कोण? रविवारी पत्रिका द्यायच्या होत्या. शिवाय स्वावलंबनावर मी स्वतः चार पानी पत्रक लिहिलेलं होतं. गुरुवारी मी गल्लीतले सुकदेव मिस्त्री बोलावले. त्यांनी रस्त्याकडच्या भिंतीला भोक पाडलं, एसी उचलला आणि विचारलं, “भाऊ, तोंड कुठं करू?”

मी मशीन न्याहाळलं. एका बाजूला लाल अक्षरांत ‘श्रमिक’ लिहिलेलं, खाली दोन बटणं आणि छोटीशी जाळी. दुसऱ्या बाजूला भलीमोठी जाळी आणि तिच्यामागे भलामोठा पंखा.

“नाव रस्त्याकडे,” मी म्हणालो.

“कूलरचं तोंड आत राहतं, भाऊ.”

“कूलर वेगळा, हा वेगळा. मोठा पंखा आत म्हणजे मोठी हवा आत. सरळ विज्ञान आहे! आणि नाव आत कुणाला दाखवायचं? मुंग्यांना? जाणाऱ्या-येणाऱ्या माणसाला कळलं पाहिजे की हे यंत्र कामगारांनी केलंय.”

“पण बटणं बाहेर जातील.”

मी क्षणभर अडलो. क्षणभरच! “जाऊ देत,” मी म्हणालो. “नियंत्रण लोकांच्या हाती पाहिजे.”

मिस्त्रींनी नानांकडे बघितलं. नानांनी आढ्याकडे बघितलं. आणि काम कायमचं व्हावं म्हणून मी चारही बाजूंनी सिमेंट भरून घेतलं. भरपूर!

शुक्रवारी दुपारी बारा वाजता उद्घाटन. रिक्षा स्टँडवरचे रिक्षावाले आणि डाळमिलचे हमाल जमले. सहकार, श्रम आणि शीतलता या विषयावर मी दहा मिनिटं बोललो आणि ओट्यावर उभा राहून बटण फिरवलं. मशीन घरघरलं. माझ्या तोंडावर गार हवेचा असा झोत आला, की मी भाषण आणखी पाच मिनिटं वाढवलं!

“वा भाऊ!” हमाल ओरडले. “महाबळेश्वर केलं तुम्ही!”

मी विजयी मुद्रेने आत गेलो. आत भट्टी लागलेली होती. नाना सदरा काढून पुठ्ठ्याने वारा घेत होते. अक्काने पदर कमरेला खोचला होता आणि रूळ... रूळ नव्हतेच. मशीनखाली काळं, गोड वासाचं तळं साचलं होतं.

“मोठी हवा आली बघ आत,” अक्का म्हणाली. “सरळ विज्ञान!”

“आत्ता उलटा करून घेतो! मिस्त्री कुठे आहेत?”

“लग्नाला गेले. चोपड्याला.”

मी छिन्नी-हातोडा घेऊन स्वतः भिंतीला भिडलो. भिंतीचा टवका उडाला, सिमेंटचा कणही उडाला नाही. एवढं प्रामाणिक काम जिल्ह्यात दुसरीकडे कुठे झालं नसेल! तेवढ्यात बाहेरून हाक आली. “दिनूभाऊ, जरा हळू ठोका, इथं डोळा लागतोय!” ओट्यावर चार हमाल आडवे झाले होते, आणि एका रिक्षावाल्याने बटण फिरवून थंडी वाढवली होती. नियंत्रण लोकांच्या हाती!

त्याच वेळी रिक्षातून आबा उतरले. पत्रिकेत एका मामाचं नाव वाढवायचं होतं.

“काय रे पोरा, एवढी गर्दी? फुकट काय वाटून राह्यले?” असं म्हणत ते ओट्यावर चढले आणि झोतासमोर थबकले. त्यांनी टोपी काढली. डोळे मिटले. “अरे बाप रे! मी अठीच बसतो.” मग डोळे न उघडताच म्हणाले, “पत्रिका किती झाल्या?”

माझ्या डोळ्यांसमोर आफसेटवाल्याची जिलबी तरळली. नानांचा चेहरा कोऱ्या कागदासारखा झाला होता. आणि मला आयुष्यात पहिल्यांदा घोषणेऐवजी कल्पना सुचली.

“आबा,” मी म्हणालो, “गारवा आत येत नसेल तर छापखाना बाहेर जाईल!”

“म्हणजे?” नाना ओरडले.

“मशीन ओट्यावर! पायाने चालतं, वीज लागत नाही. रूळ गार हवेत राहतील!”

अक्का डबा घेऊन आली. मग तिने तळ्यातला सगळा रस डब्यात भरला, चुलीवर आटवला, गाळला आणि रुळांच्या साच्यात ओतून साचे झोतासमोर उभे केले. हमालांनी तोवर झोप आवरली. ट्रेडल खोलून, लोखंडी पहारींवरून सरकवत, एका सुरात ओरडत त्यांनी ते ओट्यावर आणलं. गल्लीतल्या मंडपवाल्याने ताडपत्रीचा आडोसा बांधला. शनिवारी सकाळी साचे उघडले, तर रूळ असे घट्ट आणि गुळगुळीत, की नानांनी त्यांच्यावरून हात फिरवला!

दिवसभर मशीन खडखडत राहिलं. बाहेर रस्त्यावर डांबर वितळत होतं, आणि ताडपत्रीत नाना ट्रेडल मारत होते. आबा खुर्ची टाकून पत्रिका मोजत होते आणि प्रत्येक येणाऱ्याला सांगत होते, “माह्या पोरीची पत्रिका छापून राह्यले. थंड हवेत!” बघायला आलेल्यांपैकी सातजणांनी तिथेच कामं दिली. आफसेटवालाही सायकलवरून दोनदा चक्कर मारून गेला. दुसऱ्यांदा तो थोडा वेळ थांबला. (गारव्यासाठीच, पण आम्ही तो आमचा विजय धरला.)

शेवटचे दीडशे कागद उरले असताना धुळ्याहून गुलाबभाऊ आले. त्यांनी एसी पाहिला. बटणं पाहिली. ओट्यावरचं मशीन पाहिलं.

“भाऊ,” ते गंभीरपणे म्हणाले, “मशीन चोख शे. तुमना छापखाना उलटा बसाडेल शे.”

रविवारी आबा पत्रिका घेऊन गेले आणि जाताना पुतण्याच्या लग्नाचंही काम देऊन गेले. नानांनी सगळ्या गल्लीसमोर माझ्या पाठीवर थाप मारली. सोमवारी परतलेल्या मिस्त्रींनी दोन दिवस सिमेंटशी झुंजून एसी फिरवला, मशीन आत नेलं आणि आमच्या छापखान्यात दुपारी बारा वाजता ट्रेडल चालू लागलं.

आता गरम झोत ओट्यावर येत होता. गुरुवारी रिक्षावाले आणि हमाल एका पत्रकाचा मजकूर घेऊन आले. रोखीचं काम म्हणून अक्काने ते खिळ्यांत बिनतक्रार जुळवलं. विषय होता ‘जनतेचा गारवा आत पळवणाऱ्या दिनकरचा जाहीर निषेध’. प्रूफ तपासायला माझ्याकडेच आलं. भाषा इतकी जळजळीत आणि मुद्दे इतके बिनतोड होते, की शेवटच्या ओळीपर्यंत पोचता पोचता माझं रक्त उसळलं, आणि निषेध करणाऱ्यांच्या यादीत पहिली सही मी केली.