परबबाई आणि सात-सात-सात

मच्छीमार सोसायटीच्या वेबसाइटचं दार मीच सताड उघडं टाकलं होतं. ठपका परबबाईंवर आला तेव्हा मी गप्प बसलो.

लोकांच्या वेबसाइट चालवणाऱ्या मरोळच्या आमच्या छोट्या ऑफिसात सर्व्हर परबबाई सांभाळत. मूळच्या मालवणकडच्या, राहायला जोगेश्वरीला. त्यांच्या शब्दकोड्याला कुणी हात लावला की विचारत, "वाचूचा आसा की लिवूचा?" वाचायला सगळ्यांना मुभा, पेन फक्त त्यांचं. फायलींचंही तसंच. प्रत्येक फाइलच्या परवानगीचे तीन आकडे: पहिला मालकाचा, दुसरा त्याच्या गटाचा, तिसरा उरलेल्या जगाचा. सात म्हणजे वाटेल ते करायची मोकळीक, चार-पाच म्हणजे नुसतं बघायची. "फोल्डरला सात-पाच-पाच, फाइलला सहा-चार-चार. जगाक सात दिवचो नाय रे झिला," असं मला बजावत. हा झील, म्हणजे पोरगा, तेव्हा सेहेचाळीस वर्षांचा होता.

बाई रजेवर असताना सोसायटीचे फोटो साइटवर चढेनात. सोसायटीच्या सेक्रेटरीताईंचे फोनवर फोन. मी वैतागून फोटोंच्या फोल्डरला सात-सात-सात देऊन टाकलं. फोटो झकास चढले. आकडे पूर्ववत करायचे मात्र राहून गेले.

पुढच्याच महिन्यात कुणीतरी त्या वाटेने आत शिरलं आणि ताज्या मासळीच्या पानावर परदेशी बुटांच्या जाहिराती झळकल्या. "आमच्या पापलेटांना पाय कधी फुटले ओ?" सेक्रेटरीताईंनी फोनवर विचारलं. सगळं ऑफिस हसलं, ऑफिसचे प्रमुख असलेले सर हसले नाहीत. सर्व्हरवर बाई आणि मी एकाच नावाने शिरत असू, त्यामुळे हे कुणी केलं ते नोंदीत दिसेना. सर्व्हर बाईंकडे म्हणून सरांनी सगळ्यांसमोर त्यांनाच बोल लावला आणि सर्व्हर त्यांच्याकडून काढून माझ्याकडे दिला.

साइट साफ केली ती बाईंनीच, दोन दिवस खपून. फोटो न चढण्याचं कारणही त्यांनाच सापडलं: फोल्डर चुकून आमच्या त्या सामाईक नावावर होतं, वेबसाइटच्या नावावर नव्हतं. "आकडो कित्याक वाढवल्यान? मालक बदलूक होयो होतो," त्या स्क्रीनलाच म्हणाल्या. माझ्याकडे वळून पाहिलंसुद्धा नाही. त्यानंतर मी कुठेही अडलो की उठून त्यांच्याकडेच जायचो, आणि त्या खुर्ची ओढून हसत शिकवायच्या. ते हसणं मला सोसवेना.

एका सोमवारच्या मीटिंगमध्ये सर म्हणाले, "सर्व्हर आता चांगल्या हातात आहे." मी उभा राहिलो.

"बस ना, काय झालं?" बाई म्हणाल्या.

"सर, ते सात-सात-सात मी दिलं होतं. बाई रजेवर होत्या. सर्व्हर त्यांना परत द्या." मग मी बाईंकडे वळलो. "बाई, सगळ्यांसमोर तुम्हाला बोलणी बसली, म्हणून सगळ्यांसमोरच सांगतो. चूक माझी होती आणि मी ती तुमच्यावर जाऊ दिली. मला माफ करा."