सवाष्ण म्हणून बोलावलं होतं

वाढलेलं ताट माझ्या पुढ्यातून उचललं गेलं.

हिसकावलं नाही. कुणी ओरडलं नाही. मेधाताई वाकल्या, दोन्ही हातांनी ताट धरलं आणि स्वयंपाकघरात घेऊन गेल्या. जाता जाता म्हणाल्या, "तुम्ही असं करा, घरीच निवांत जेवा. मी बांधून देते."

मी पाटावर बसून राहिले. पाटाभोवती रांगोळी होती. समोर मखरात दोन गौरी उभ्या, नथ घालून. शेजारच्या पाटांवर बसलेल्या दोघी जणी आपापल्या ताटाकडे बघत होत्या. सोळा भाज्यांत त्यांना एकदम बघण्यासारखं काहीतरी सापडलं होतं.

मेधाताई बाहेर आल्या. हातात श्रीखंडाचा रिकामा झालेला प्लास्टिकचा डबा. त्यात सगळं एकावर एक दाबून भरलेलं. "डब्याची घाई नाही हं," म्हणाल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे, परत नकोच."

मी उठले. पन्नाशीची बाई पाटावरून उठते तेव्हा तिला जमिनीला हात टेकावा लागतो. तो टेकला. ते सगळ्यांनी पाहिलं.

हे डोंबिवलीत घडलं. पूर्वेला, सात मजल्यांच्या सोसायटीत.

आम्ही इंदूरचे. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी. नवऱ्याच्या कंपनीनं इंदूरचं ऑफिस बंद केलं, त्याला ठाण्याला बोलावलं. इंदूरचं घर विकलं, इथे घेतलं. मी, नवरा आणि मुलगी प्रज्ञा. ती तेव्हा नववीत. मी तिकडे पॅथॉलॉजी लॅबमध्ये होते, इथे ठाण्याच्या नौपाड्यातल्या एका लॅबमध्ये लागले. सकाळभर लोकांचं रक्त काढायचं. तिथे बाही वर करताना कुणी माझी जात विचारत नाही.

इंदूरला आमच्या गल्लीत दिवसा दार बंद दिसलं की लोक विचारायचे, घरात कुणी आजारी आहे का. इथे दारं बंदच. बाहेर चपलांचे स्टँड. माणसांआधी मी त्यांच्या चपला ओळखायला लागले. रविवारी दुपारी घरात फक्त पंख्याचा आवाज. मी बाल्कनीत एकेक कपडा झटकून, सावकाश वाळत घालायचे. समोरच्या बाल्कनीतली बाई काहीतरी बोलेल म्हणून. ती तिचे कपडे घालायची आणि आत जायची.

मेधाताई पहिल्यांदा बोलल्या. त्या तिसऱ्या मजल्यावर, आम्ही चौथ्या. लिफ्टमध्ये म्हणाल्या, "इंदूरच्या ना तुम्ही? काय गोड मराठी हो तुमचं! जुन्या संस्थानी घराण्यातल्या वाटता."

माझे आजोबा गिरणीत होते. मी हसले. आमचं आडनाव गावाच्या नावाला 'कर' जोडून झालेलं, कुणाच्याही दारावर शोभेल असं. त्यांनी पुढे विचारलं नाही. मी सांगितलं नाही. लिफ्टमध्ये भेटलेल्या बाईला माणूस आपणहून जात सांगतो का? तीही सांगत नव्हती. तिला सांगावी लागत नव्हती, एवढाच फरक.

मग डबे सुरू झाले. त्यांच्या स्टीलच्या डब्यातून अळूची भाजी वर यायची. डबा रिकामा परत द्यायचा नाही, म्हणून मी त्यात शेव भरून खाली पाठवायचे. प्रज्ञा आणि त्यांची ऋचा एकाच वर्गात. दोघी एकत्र क्लासला जायच्या. घरात कुणाचा तरी आवाज व्हायला लागला. 'इंदूरच्या वहिनी' असं माझं नावही पडलं.

गौरीपूजनाच्या आदल्या दिवशी मेधाताई धावत वर आल्या. "वहिनी, एक अडलंय हो. माझी नणंद येते दरवर्षी सवाष्ण म्हणून, नौपाड्याहून. तिच्या सासरी सोयर आलंय. उद्या तुम्ही याल जेवायला?"

मी म्हणाले, "मला देवाचं काही कळत नाही, मेधाताई."

"अहो, कळायचंय काय त्यात? पोटभर जेवायचं!"

मी गौरी-गणपती मानत नाही. आमच्या घरात कुणीच मानत नाही. पण या गावात आल्यापासून पहिल्यांदा मला कुणीतरी जेवायला बोलावलं होतं. देव त्यांचे, जेवण शेजारणीचं, असं मी मनाशी ठरवलं. चंदेरी साडी काढली. इस्त्री केली. लॅबमधून अर्धा दिवस सुट्टी घेतली.

मेधाताईंच्या सासूबाई तूप वाढत होत्या. ऐंशीच्या पुढच्या, खणखणीत आवाज. मला विचारलं, "तुमच्याकडे गौरी कशा हो? उभ्याच्या, की खड्यांच्या?"

"आमच्याकडे गौरी नसतात, आजी. आम्ही बौद्ध आहोत."

तुपाची धार थांबली. पळी तशीच वर राहिली. आजींनी सुनेकडे पाहिलं. सुनेला कळलं.

पुढचं मी सांगितलंच आहे.

घरी येऊन डबा ओट्यावर ठेवला. भूक होती. वरण-भात लावला आणि उभ्यानं खाल्ला. रात्री नवऱ्यानं तो डबा उघडला, पुरणपोळी तव्यावर गरम केली, खायला बसला. "मस्त झालीय," म्हणाला. तेव्हा मी त्याला सांगितलं. त्याचं तोंड हलायचं थांबलं. मग त्यानं घास गिळला.

"सांगायची काय गरज होती?" तो म्हणाला.

"त्यांनी विचारलं."

"काहीही सांगायचं. खड्यांच्या म्हणायचं."

तो वाईट माणूस नाही. तो पंचवीस वर्षं ऑफिसात 'खड्यांच्या' म्हणत आला आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी बेल वाजली. मेधाताई. उंबऱ्याच्या बाहेर उभ्या. एरवी सरळ स्वयंपाकघरापर्यंत यायच्या.

"कालचं मनावर घेऊ नका हं," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "सासूबाई जुन्या वळणाच्या. आमचं तसलं काही नाही. आणि काळजी करू नका, मी बिल्डिंगमध्ये सगळ्यांना सांगितलंय, तुम्हाला अचानक अडचण आली, म्हणून उठावं लागलं. तुमच्याबद्दल कुणाच्या मनात काही नाही."

त्यांच्या चेहऱ्यावर खरोखर काळजी होती. उपकार केल्याचं समाधान होतं. दार लावताना मी "बरं" म्हणाले.

ते "बरं" मला फार दिवस पुरलं.

लिफ्टमध्ये बायका विचारायला लागल्या. "आता कसं वाटतंय?" "या वयात भरवसा नसतो हो." पहिल्या मजल्यावरची एक म्हणाली, "तरी बाई, गौरीपुढे बसायच्या आधी जरा बघायचं ना!" म्हणजे विटाळ मी केला होता. त्याची माफीही मला मिळाली होती. इतक्या आपुलकीनं बिल्डिंगमधलं कुणी माझ्याशी कधी बोललं नव्हतं. त्या आपुलकीत मी नव्हतेच. त्यांच्या गोष्टीतली एक बाई होती.

माझी पाळी बंद होऊन दोन वर्षं झाली होती.

नवरा म्हणाला, "बरंच झालं की. चार दिवसांची गोष्ट. विसरतील." मी रात्री भांडी घासताना विचार करत होते. पाळीची बाई पाचव्या दिवशी न्हाऊन परत पाटावर बसते. माझा पाचवा दिवस कुठला?

स्टीलचा डबा खालून परत आला नाही. ऋचा क्लासला एकटी जायला लागली. प्रज्ञानं कारण विचारलं नाही. तिला कळत होतं की नाही, तेही मी विचारलं नाही. चार खोल्यांत आम्ही तिघं, तीन ठिकाणी गप्प.

नवरात्रात सोसायटीच्या हॉलमध्ये भोंडला होता. पाटावर हत्ती काढायचा, त्याच्याभोवती फेर धरून गाणी म्हणायची, मग प्रत्येकीनं झाकून आणलेली खिरापत बाकीच्यांनी ओळखायची. मेधाताई पुन्हा आल्या. पुन्हा उंबऱ्याबाहेर.

"भोंडल्याला यायचं हं नक्की. हॉलमध्येच आहे, सगळे येतात. खिरापतीचं मात्र तुम्ही राहू द्या. मी सांगून ठेवलंय, तुमच्या अंगावरून फार जातंय म्हणून. हे काय, वर्ष-दोन वर्षंसुद्धा चालतं. कुणी काही विचारणार नाही."

तेव्हा मला कळलं. ही बाई मला कायमचं आजारी करून टाकणार होती. प्रेमानं. मी जिवंत असेपर्यंत माझ्या अंगावरून जात राहणार होतं आणि मी तिचे आभार मानत राहणार होते.

मी म्हणाले, "येते."

मक्याचा कीस केला. इंदूरला करतात तसा: कोवळी कणसं किसायची, हिंग-मोहरीची फोडणी, दूध घालून आटवायचा. भरपूर केला. डब्यावर रुमाल बांधला. प्रज्ञा म्हणाली, "मीपण येते." मी तिला नको म्हणायला हवं होतं की नव्हतं, अजून ठरवता आलेलं नाही.

फेर झाला. खिरापती सुरू झाल्या. चिवडा, पेढे, चकल्या संपल्या. मी माझा डबा मध्ये ठेवला. मेधाताई माझ्याकडे बघत राहिल्या.

"गोड की तिखट?" कुणीतरी विचारलं.

"तिखट."

"पोहे! इंदूर म्हणजे पोहेच!"

"नाही."

"शेव! कचोरी!"

"नाही."

"हरलो बाई, सांगा आता."

मी रुमाल सोडला. "मक्याचा कीस. मी केलाय, माझ्या हातानं. मला कसलाही त्रास नाही. माझी पाळी जाऊन दोन वर्षं झाली. गौरीच्या दिवशी मला अडचण आली नव्हती. मी बौद्ध आहे. ते कळल्यावर माझ्यापुढचं ताट उचललं. आता तुम्हाला माहीत आहे. ज्यांना खायचंय त्यांनी खा."

आवाज चढला नव्हता. लॅबमध्ये "मूठ घट्ट धरा" सांगते तसंच सांगितलं.

हॉलमध्ये पंखे फिरत होते. एकीनं मोबाइल काढला. एक म्हणाली, "माझे नऊ दिवसांचे उपास आहेत ना..." तिच्या ओठाला चिवड्याचा पोहा चिकटलेला होता. दुसरी म्हणाली, "मला मका बाधतो."

भोईरकाकू इथल्या मूळच्या. बिल्डिंग त्यांच्याच शेतावर उभी आहे. त्या म्हणाल्या, "जाऊ दे गो बाय. सनासुदीचा कशाला काढतेस हे? भोंडला कर ना आपला." सगळ्या हसल्या. सुटल्यासारख्या हसल्या. मग फेर पुन्हा सुरू झाला, मला आणि डब्याला बाहेर ठेवून.

मेधाताई रडत होत्या. दोघी जणी त्यांची पाठ थोपटत होत्या.

जिन्यात प्रज्ञानं विचारलं, "आई, आता माझ्याशी कोण बोलणार?"

"माहीत नाही," मी म्हणाले.

तिला जवळ घ्यावं असं वाटलं. ती दोन पायऱ्या पुढे निघून गेली होती. बरेच दिवस ती माझ्याशी कामापुरतं बोलत होती. मी तिला समजावलं नाही. तिला हवं ते माझ्याजवळ नव्हतं आणि खोटं देणं मी नुकतंच बंद केलं होतं.

आता लिफ्टमध्ये मी असले की मेधाताईंना काहीतरी आठवतं आणि त्या मागे फिरतात. तब्येत कुणी विचारत नाही. नवरा महिनाभर धुसफुसत होता. मग म्हणाला, "कल्याणपलीकडे मोहन्याला माझा मावसभाऊ आहे. आपली माणसं आहेत तिथे. पोरीसाठी तरी जाऊ."

"पाहुणे म्हणून जाऊ," मी म्हणाले. "माझे आजोबा खानदेशातलं गाव सोडून इंदूरला गेले. का गेले, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. आजीनं सांगितलं. त्यांना दुसरा रस्ता नव्हता. आपण बदली झाली म्हणून इथे आलो. कुणी उठवलं म्हणून इथून जायचं नाही."

त्यानं विषय सोडला. मला वाटलं, पटलं.

एका शनिवारी बेल वाजली. एजंट होता, मागे एक तरुण जोडपं. बाईच्या हातात टेप. एजंट त्यांना सांगत होता, "सोसायटी एकदम मस्त आहे. क्राउड चांगला आहे, मराठी, सुशिक्षित. सगळे आपल्यातलेच." मग माझ्याकडे वळला. "मॅडम, साहेबांशी बोलणं झालंय. फ्लॅट बघायला आणलंय."

घरात नवरा वर्तमानपत्रामागे होता. प्रज्ञा तिच्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. माझ्याकडे बघत होती. खाली तिसऱ्या मजल्यावर कुणाचं तरी दार किलकिलं झाल्याचा आवाज आला.

"सगळे 'आपल्यातले' नाहीत," मी त्या बाईला म्हणाले. "मी बौद्ध आहे. मी इथे राहते."

एजंट हसला. "मॅडम, तसं नाही, साहेब तर म्हणाले होते..."

"साहेबांचं मी बघते. ही जागा विकायची नाही. पुन्हा कुणाला आणू नका."

खालच्या मजल्यापर्यंत ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं सांगितलं.