चोलुलाच्या टेकडीवरचा कौल

मेक्सिकोला जायचं हे माझ्या बायकोने केमोच्या खुर्चीत बसून ठरवलं. शेजारच्या खुर्चीत पुएब्ला शहरातली एक बाई यायची. एका हाताला सुई टोचलेली असताना दुसऱ्या हाताने ती फोनवर फोटो दाखवायची. रंगीत टाइल्सनी मढवलेली जुनी घरं, गल्लीच्या टोकाला धूर सोडणारा ज्वालामुखी. पुढच्या खेपेला त्या खुर्चीत दुसरंच कोणी बसलं होतं. तिथे कोणी कोणाची चौकशी करत नाही. आम्हीही केली नाही.

दुसरा कोर्स संपला तेव्हा गाठ होती तेवढीच होती. डॉक्टरांनी वेगळ्या औषधाचा तिसरा कोर्स सुचवला. घेतला तर काय आणि न घेतला तर काय, हे त्यांनी सरळ सांगितलं. फरक होता, पण थोड्या महिन्यांचा, आणि त्यातला बराचसा वेळ पुन्हा त्या खुर्चीतच जाणार होता. निर्णय तिने मधल्या सुट्टीत घ्यायचा होता. त्या सुट्टीत प्रवास करायला त्यांची हरकत नव्हती.

इंग्लंडमध्येच वाढलेली मुलगी मँचेस्टरहून फोनवर तिच्या मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाली, "आई, तू आधी ट्रीटमेंटला हो म्हण, मग कुठे पण जा."

"आधी जाऊन येते. मग काय ते म्हणते," बायको म्हणाली.

माझं काम विमा कंपनीत जोखीम मोजण्याचं. वॉटफर्डच्या घरात बसून मी सगळं तपासलं. पुएब्ला दोन हजार एकशे पस्तीस मीटर उंचीवर आहे. ब्रिटनमधला सर्वांत उंच डोंगर तेराशे पंचेचाळीस. म्हणजे त्या डोंगरावर आणखी अर्ध्याहून जास्त डोंगर रचायचा आणि तिथे हिमोग्लोबिन उतरलेल्या बाईला हिंडवायचं. बोटाला लावायचं ऑक्सिमीटर मी खिशात ठेवलं. घरी पंच्याण्णवच्या खाली न येणारा आकडा तिथे एकोणनव्वदवर आला.

"अहो, काढा तो चिमटा," ती भर चौकात म्हणाली. "लोकांना वाटेल मला पकडून आणलंय."

शहर फोटोत होतं तसंच होतं. ती प्रत्येक भिंतीला तळहात लावून बघायची आणि थोडं चाललं की कोणाच्या तरी उंबऱ्यावर बसायची. एका देवळात, म्हणजे चर्चमध्ये, छतापर्यंत सोनंच सोनं होतं. ती लगेच बाहेर आली. म्हणाली, इतक्या सोन्यात श्वास घेता येत नाही. तिथला प्रसिद्ध काळा रस्सा आम्ही मागवला. त्यात चॉकलेट असतं. केमोमुळे तिच्या तोंडाला कायम पत्र्याची चव असायची. दोन घास खाऊन तिने ताट माझ्याकडे सरकवलं. सकाळी हॉटेलच्या खिडकीच्या चौकटीवर बारीक राख जमलेली असायची, ज्वालामुखीची. मी ती टिश्यूने पुसायचो. ती पलंगावरून बघत राहायची.

परतायच्या आदल्या दिवशी आम्ही टॅक्सीने जवळच्या चोलुला गावी गेलो. तिथली टेकडी ही टेकडी नाही, प्राचीन पिरॅमिड आहे. त्याच्यावर माती चढली, गवत उगवलं आणि स्पॅनिश लोकांनी माथ्यावर चर्च बांधलं. वरच्या मेरीला उपायांची माता म्हणतात.

"आमच्याकडे हा गड असता तर खाली नारळवाले बसले असते," ती म्हणाली. नारळवाले नव्हते, पण फुलवाल्या होत्या, आणि टोपल्यांतून तळलेले नाकतोडे विकणाऱ्या बायका होत्या. तिने पांढऱ्या फुलांची एक जुडी घेतली. खाली काही खाऊन घे म्हटलं तर म्हणाली, "दर्शनाआधी?"

चढ फार मोठा नव्हता. पण तिच्या ओठांचा रंग बदलत होता. मी परत जाऊ म्हटलं. ती कठड्याला टेकली, श्वास येऊ दिला आणि पुन्हा चालू लागली. वर मूर्ती उंचावर काचेमागे होती. ती बराच वेळ काचेकडे बघत उभी राहिली.

"हिला कुठे हात लावता येणार," ती म्हणाली आणि बाहेर आली.

तेव्हा माझ्या लक्षात आलं. ती सावंतवाडीकडची. तिकडे लग्न असो, जमीन असो, आजारपण असो, देवाला कौल लावतात. मूर्तीच्या उजव्या आणि डाव्या अंगाला ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, गुरवाने देवाला प्रश्न घालायचा आणि वाट बघायची. आधी उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. मी पुण्याचा. लग्नानंतर एकदा तिच्या गावी हे पाहिलं होतं आणि येताना गाडीत हसलो होतो.

अंगणाच्या कठड्याच्या कोपऱ्यात एक चौकोनी दगडी खांब होता. ती त्याच्याभोवती सावकाश फिरली आणि एका बाजूसमोर थांबली.

"गुरव व्हा," ती म्हणाली.

"मला नाही जमणार ते."

"नुसतं बघायचंय. प्रश्न मी घातलाय. तिसरा कोर्स घ्यायचा का."

"उजवी म्हणजे आपल्या उजव्या हाताची ना?"

"हो हो, आपल्याच. काय तुम्ही पण!"

तिने बाटलीतल्या पाण्यात दोन पाकळ्या भिजवल्या आणि कपाळाच्या उंचीवर दगडाला चिकटवल्या. खांबाच्या अर्ध्या भागावर चर्चची सावली होती.

"डावी उन्हात आहे," मी म्हणालो. "ती आधी वाळणार."

"देवळातही एका बाजूला समई असतेच." तिने डोळे मिटले आणि हात जोडले. "आणि खरं काय ते सांगायचं."

शाळेची मुलं फोटो काढत होती. वारा जवळजवळ नव्हता. सावलीतली पाकळी ओलसर, दगडाला घट्ट. उन्हातलीची एक कड आधी पांढरी पडली, मग आत वळली. आपण एक पाऊल पुढे सरकलो तर आपली सावली तिच्यावर पडेल, एवढं मला दिसत होतं. मी सरकलो नाही. पाकळी पडली.

"पडली?" तिने विचारलं. मी हललो असेन बहुतेक.

"पडली."

"कुठली?"

"डावी."

डोळे मिटलेलेच ठेवून ती म्हणाली, "बरं." मग डोळे उघडून तिने उजवी पाकळी नखाने सोडवली. "हिला कशाला ताटकळत ठेवायचं."

खाली उतरल्यावर तिने नाकतोड्यांची पुडी घेतली, लिंबू-तिखट लावलेली, आणि सगळी एकटीने संपवली. "सुक्या जवळ्यासारखे लागतात हो," ती म्हणाली. कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच तिला कशाची तरी चव लागली होती. मला एकही खाववला नाही.

वॉटफर्डला परतल्यावर तिने डॉक्टरांना नको म्हणून सांगितलं. नीट विचार केलाय का, असं त्यांनी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा ती हो म्हणाली. पलंग आम्ही खाली पुढच्या खोलीत आणला. हिवाळा तिथे काढला. शेवटचे आठवडे वाईट होते. त्यांच्याबद्दल मी लिहिणार नाही. एप्रिलमध्ये ती गेली.

अंत्यसंस्कारानंतर स्वयंपाकघरात मुलगी कप धूत होती. मी तिला टेकडीवरचं सगळं सांगितलं. तिने नळ बंद केला.

"बाबा, तुम्हाला फक्त उजवी म्हणायचं होतं. वन वर्ड."

"तिने खरं सांगायला सांगितलं होतं."

"आईने ती पाकळी मुद्दाम उन्हात लावला ना?"

"मुद्दामच. तिचं ठरलेलं होतं."

"नाही बाबा. तुम्ही तिला थांबवायला पाहिजे होता. त्यासाठी लावला तिने."

तो खांब, ते ऊन, तिचं भोवती फिरून नेमकं तिथे थांबणं, यातून दोन्ही अर्थ निघतात. मी अनेकदा पडताळून पाहिलं आहे. ज्याला विचारायचं ते माणूस उरलं नाही. मुलीने नळ पुन्हा सोडला आणि मी कप पुसायला घेतले.