आत्यानं मोडलेली भट्टी

माझ्या आतेभावाचं, निवृत्तीचं, कार्ड आलं तेव्हा मी बारामतीच्या शाळेत शिकवून नुकतीच घरी आले होते. कोपरा फाडलेला होता, म्हणजे कुणीतरी गेलं होतं. 'मातोश्री देवाघरी गेल्या. त्यांच्या पुण्याईवरच आमचं दुकान उभं आहे,' असं त्यानं लिहिलं होतं. आईच्या मरणाच्या कार्डातसुद्धा दुकान... सरूआत्यासाठी डोळ्यांत पाणी येण्याआधी मला तिच्या मुलाची किळस आली. आज महिना होत आला, ती किळस अजून गेलेली नाही.

सरूआत्या माझ्या वडिलांची थोरली बहीण, कऱ्हाटीला दिलेली. ती आणि तिचे यजमान, आबा, खवा करत. सकाळी गावातल्या बायका दूध घालून जात आणि मग आत्या भट्टीपुढं बसे. कढईतलं दूध आटून गोळा होईपर्यंत तिच्या हातातलं उलथनं थांबत नसे. हात भरून येत नाही का, असं मी लहानपणी विचारलं होतं. "थांबलं की दूध लागतंय, लागलं की वास येतो," ती म्हणाली, "आन् वासाचा खवा लोकाला घालायचा आसंल तर आमी हितं बसावं कशाला?" बारामतीच्या हलवायाकडं न खपलेला खवा आबा परत आणत आणि वाटेतच उकिरड्यावर टाकत. तो घराच्या उंबऱ्याच्या आत कधी आला नाही.

स्वराज्य येऊन चार-पाच वर्षं झाली असतील, तेव्हा आबा गेले आणि विक्री निवृत्तीच्या हातात आली. कढई मात्र आत्याकडंच राहिली. पुढच्या एका उन्हाळ्याच्या सुट्टीत मी कऱ्हाटीला गेले होते. दुपारी आत्या आडवी झाल्यावर मागल्या पडवीतून आंबूस वास आला म्हणून मी डोकावले. परत आलेल्या खव्याचे डबे उघडे होते. निवृत्ती बोटानं हिरवी बुरशी खरवडून धोतराला पुशीत होता आणि खालचा खवा उकडलेल्या रताळ्यांबरोबर सकाळच्या ताज्या गोळ्यात मळत होता. माशा हाकलायचेही कष्ट त्यानं घेतले नव्हते. "आत्याला ठाऊक आहे?" मी विचारलं. "तिला आताचा बाजार काय कळतोय? तू शिकल्याली हायेस, गप ऱ्हा," तो म्हणाला. आणि मी गप्प राहिले. संध्याकाळी आत्यानं वाढलेलं जेवलेसुद्धा.

चारच दिवसांत जळोचीच्या एका लग्नात त्या खव्याची बर्फी पंगतीला वाढली गेली. मांडवामागच्या बांधावर माणसं ओळीनं ओकत बसली. नवरीची आजी दोन दिवस शुद्धीवर नव्हती, नशिबानं वाचली. जळोचीची माणसं जाब विचारायला आली तेव्हा निवृत्तीनं पारूबाईकडं बोट दाखवलं. पारूबाई म्हणजे एका म्हशीवर पोट भरणारी विधवा. तिचंच दूध नासकं, तिची भांडीच घाण, असं तो चावडीवर सांगत सुटला. लोकांना ते पटलंही, कारण ते पटायला सोपं होतं.

आत्यानं मला घरात गाठलं. "तुला काय ठाऊक हाय का गं?" मी सगळं सांगितलं आणि वर म्हणाले, "घरातली गोष्ट आहे, आत्या. चावडीवर कशाला न्यायची?" तिनं माझ्याकडं पाहिलं. "तुझ्या बी तोंडाला त्योच वास यायला लागला," ती म्हणाली. इतकी वर्षं झाली, पण ते वाक्य मला गिळता आलेलं नाही.

मागल्या पडवीतला एक डबा तिनं कमरेवर घेतला आणि भर उन्हात चावडीपुढं नेऊन उघडला. पुढं बसलेल्यांनी नाकाला धोतर लावलं. "ह्ये माज्या घरातलं हाय. पारूच्या दुधाचा दोष न्हाय," ती म्हणाली. निवृत्ती हसला. "म्हातारी चळलीया. चांगला खवा हाय त्यो." आत्यानं डब्यातला मूठभर गोळा काढून त्याच्या तोंडापुढं धरला. "मग खा की." तो मागं सरला. आणखी कुणाला काही विचारावं लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं स्वतः पहार घेऊन भट्टी मोडली. निवृत्ती बायकोला घेऊन बारामतीला गेला आणि त्यानं पेढ्यांचं दुकान थाटलं. आईकडं तो पुन्हा फिरकला नाही, आला तो थेट तिची तिरडी उचलायला. तेराव्याला त्यानं टोपलीभर पेढे आणले. "आईचा खव्यावर लई जीव," असं पाहुण्यांना सांगत त्यानं माझ्याही हातावर एक ठेवला. लोक खात होते, चांगला झालाय म्हणत होते. मी उठून परसात गेले आणि तो पेढा उकिरड्यात टाकला. हात तीनदा राखेनं घासला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आत्याच्या ओट्यावर बसले होते, तर पारूबाई दुधाचा तांब्या घेऊन दारात उभी. भट्टी मोडल्यावरही गावातल्या बायका दुधाची शंका आली की आत्याकडं येत. ती नुसता वास घेऊन सांगे, ठेवा किंवा ओता. "सवयीनं आले बगा," पारूबाई ओशाळून म्हणाली. मी तांब्या घेतला, नाक लावलं. मला दुधाचा वास आला, बाकी काही उमगलं नाही. "मला नाही कळत, पारूबाई," मी म्हणाले. तिनं तांब्या परत घेतला, डोळे मिटून बराच वेळ हुंगला... आणि दूध उकिरड्यावर ओतून आली.