कपाटातली मूळ प्रमाणपत्रे

ज्या प्रकरणात खून नाही, दरोडा नाही, कोणाला शिक्षाही झाली नाही, ते पोलिसाच्या मनातून लवकर पुसले जायला हवे. माझ्या बाबतीत उलटे झाले. मोठमोठ्या गुन्ह्यांचे तपशील आता कागद पाहिल्याशिवाय मला सांगता येत नाहीत, पण नारायण पेठेतल्या एका शाळेने मला पळायला लावले तो दिवस सकाळपासून संध्याकाळपर्यंत जसाच्या तसा आठवतो.

मी तेव्हा शहराच्या मध्य वस्तीतल्या एका पोलीस ठाण्यात सहायक पोलीस निरीक्षक होतो. सकाळची हजेरी नुकतीच झाली होती. रात्रपाळीचा अंमलदार डायरी माझ्यापुढे ठेवून घरी जाण्याच्या घाईत होता, तेवढ्यात फोन आला. बोलणारे गृहस्थ एका शिक्षणसंस्थेचे कार्यवाह होते. संस्थेची अत्यंत महत्त्वाची कागदपत्रे कार्यालयाच्या कपाटातून चोरीला गेली आहेत, असे ते म्हणाले, आणि लगेच पुढे सल्लाही दिला की शिपायाला आत घ्या, सगळे आपोआप बाहेर येईल. फिर्यादी चोरीच्या आधी चोराचे नाव सांगू लागला की मी सावध होतो. बहुतेक वेळा त्याला चोर सापडण्यापेक्षा विषय लवकर संपण्यात जास्त रस असतो.

शाळा साडेअकराला भरणारी. मी पोचलो तेव्हा इमारतीत कार्यवाह आणि शिपाई असे दोघेच होते. कपाट लोखंडी, कुलूप शाबूत. खालच्या कप्प्यातल्या रोकड पेटीला कोणी हात लावलेला नव्हता. वरच्या कप्प्यात पंधराएक फायलींचा गठ्ठा होता, त्याची नाडी सोडलेली होती. काय गेले असे विचारल्यावर कार्यवाह म्हणाले, एक फाइल. कसली? कार्यालयीन. कोणाची? ते बघावे लागेल. आणि लेखी तक्रार? ती ते दुपारी ठाण्यावर येऊन देणार होते, आत्ता त्यांना एका बैठकीला जायचे होते. महत्त्वाची वस्तू चोरीला गेलेला माणूस बैठकीला जातो, हे मी मनात नोंदवून ठेवले.

मग शिपायाला समोर बसवले. धायरीचा माणूस, पन्नाशीचा, कंत्राटावर. कार्यालयाच्या चाव्यांचा दुसरा जुडगा त्याच्याकडे झाडलोटीसाठी असायचा, कपाटाची चावी त्यातच. त्याने सातला दार उघडले, कपाटावरची धूळ पुसली, बाहेर आला, कोणीही आले नव्हते. तासभर मी फिरवून फिरवून विचारले आणि तासभर त्याने तेच सांगितले. खोटे बोलणारा माणूस सहसा दर वेळी गोष्टीत थोडी भर घालतो. हा काहीच घालत नव्हता, आणि त्याचाच मला राग आला. मी आवाज चढवला. नोकरी जाईल, पेन्शन तर नाहीच, पोरांना काय सांगशील, असे सगळे बोलून घेतले. त्याची नोकरी किती कच्ची आहे हे मला पुरते ठाऊक होते, म्हणूनच मी तिथे बोट ठेवले. तो नुसता घाम पुसत राहिला.

डोके थंड करायला मी बाहेर आलो आणि वऱ्हांड्यातून चालत सुटलो. वर्ग उघडे होते. प्रत्येक वर्गाचा फळा ओल्या फडक्याने पुसलेला, अजून थोडा दमट. सातवी ब च्या दारात मात्र मी थांबलो. तिथला फळा वरपासून खालपर्यंत भरलेला होता. डावीकडे त्या दिवसाची तारीख, उजवीकडे दुसऱ्या दिवसाची. मध्ये सरळ उभी रेघ. कोणत्या तासाला कोणती गणिते सोडवायची, कोणता धडा मनात वाचायचा, निबंध कशावर लिहायचा, सगळे नेमके. तळाशी लिहिले होते, 'मी दोन दिवस नाही. गोंधळ करू नये. मॉनिटरने वह्या गोळा करून टेबलावर ठेवाव्यात. – तुमच्या बाई'

फळे शिपाई रोज सकाळी पुसतो. म्हणजे हे लिहिणारी व्यक्ती त्यानंतर आणि मी यायच्या आधी इथे होती. नोकरीत मी चोरांच्या नाना सवयी पाहिल्या. कोणी जाताना स्वयंपाकघरात खाऊन जातो, कोणी देवापुढे दिवा लावतो. पण मुलांचा दोन दिवसांचा अभ्यास लावून गेलेला चोर मी तो एकच पाहिला.

परत येऊन मी शिपायाला एवढेच विचारले, "बाई किती वाजता आल्या होत्या?"

त्याने जमिनीकडे पाहिले. मग म्हणाला, "सव्वासातला, साहेब. फळा लिहायचा हाय म्हणल्या. आधी फळा लिहिला, मग कपाट उघडलं. चावी मीच दिली. त्यांचं हाय ते त्यांनी नेलं, त्यात चोरी कसली?"

मग सगळे कळले. सातवी ब ला शिकवणाऱ्या बाई रजेच्या जागेवर होत्या. एक कायम शिक्षिका बाळंतपणाच्या रजेवर गेलेल्या, त्या परत येईपर्यंत या. अशा लोकांना कामावर घेताना ही संस्था त्यांची मूळ प्रमाणपत्रे जमा करून घ्यायची आणि मुदत संपल्यावर परत द्यायची. बाईंना सरकारी भरतीत दुसऱ्या जिल्ह्यातल्या शाळेसाठी निवडीचा निरोप आला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाला तिथे कागदपत्रांची पडताळणी होती, मूळ प्रतींसह. त्यांनी आठवडाभर प्रमाणपत्रे मागितली. कार्यवाह कधी जागेवर नसत, कधी चावी जागेवर नसे. दोन दिवसांची रजा मागितली तेव्हा उत्तर मिळाले, मग वर्गावर कोण? बदली शिक्षकाला बदली शिक्षक मिळत नाही, हा त्या शाळेचा नियम.

स्वारगेटहून दीडची गाडी होती. एका महिला पोलिसाला बरोबर घेऊन मी स्थानकावर गेलो. त्या बाकावर बसल्या होत्या. सदतीस-अडतीस वय, साधी साडी, मांडीवर प्लॅस्टिकच्या पिशवीत फाइल, आणि पिशवीवर दोन्ही हात.

"आपण सातवी ब च्या वर्गशिक्षिका ना?" मी विचारले.

"वर्गशिक्षिका नाही. रजेच्या जागेवर आहे," त्या म्हणाल्या. मग आमच्या गणवेशाकडे नीट पाहून एकच प्रश्न केला, "अहो साहेब, किती वेळ लागेल? दीडची गाडी आहे."

दीडची गाडी आमच्या डोळ्यांदेखत गेली. ठाण्यावर आल्यावर त्यांनी शांतपणे सगळे मान्य केले. अकरा वर्षांत नऊ शाळा झाल्या होत्या. कोणाचे बाळंतपण, कोणाचे आजारपण, कोणाची निवडणुकीची ड्यूटी. एका शाळेत चार महिने, एकीत सतरा दिवस. दर जूनला फाइल घेऊन पुन्हा नवी दारे. पुढच्या भरतीपर्यंत त्यांचे वय मर्यादेबाहेर जाणार होते, म्हणजे ही शेवटची संधी होती. हे सांगताना त्या रडल्या नाहीत. फक्त भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहायच्या, आणि त्यांनी पाहिले की मीही पाहायचो.

आता माझी अडचण सांगतो. वस्तू स्वतःची असली तरी दुसऱ्याच्या ताब्यातून गुपचूप उचलली तर चोरी होऊ शकते, हे आम्हाला प्रशिक्षणातच शिकवतात. गुन्हा दाखल झाला असता तर ती फाइल मुद्देमाल ठरली असती. पंचनामा, लाखेचे सील, मुद्देमालाची खोली. परत मिळवायची तर न्यायालयात अर्ज, आणि त्याला महिने लागतात. शिवाय आरोपी म्हणून नाव लागले की नेमणुकीच्या वेळी चारित्र्य पडताळणीत ते वर येणार. म्हणजे उद्याची पडताळणी चुकली नसती तरी पुढची अडली असती. आमच्या मुद्देमाल कारकुनाने तर सवयीप्रमाणे कापड आणि लाख काढूनही ठेवली होती. मी त्याला थांबवले. लेखी फिर्याद नाही, मग जप्ती कशी करायची, असे मी म्हणालो. कारण खरे होते, पण ते मी शोधून काढलेले होते.

तीन वाजले, चार वाजले. कार्यवाहांचा फोन लागत नव्हता. फिर्याद नसताना एका बाईला ठाण्यात बसवून ठेवणे मला परवडणारे नव्हते, आणि सोडून द्यावे तर ते उद्या माझ्यावरच तक्रार करणार. वेळेत पोचवणारी शेवटची गाडी सातला होती. माझी मुलगी बारावीच्या निकालाच्या दिवशी जशी घरभर फिरत होती तसा मी वऱ्हांड्यात फेऱ्या मारत होतो. बाईंनी चहा घेतला नाही. साडेचारला त्यांनी महिला पोलिसाला विचारले की सातवी ब चा शेवटचा तास कोणी घेत असेल का.

सव्वापाचला कार्यवाह आले, बैठक छान झाली असावी. चोर सापडल्याबद्दल त्यांनी माझे अभिनंदन केले. मी त्यांना खुर्ची दिली, कोरे कागद दिले, आणि फिर्याद स्वतःच्या हाताने लिहायला सांगितली. काय चोरीला गेले, ते कोणाचे होते, आणि ते आपल्या कपाटात कशासाठी होते, एवढे तीन मुद्दे आले की पुरे. पहिल्या मुद्द्यापर्यंत त्यांचे पेन झरझर चालले. दुसऱ्याला मंदावले. तिसऱ्याला थांबले.

"हे बघा साहेब," ते हळू आवाजात म्हणाले, "मूळ प्रमाणपत्रं ठेवली नाहीत तर ही मंडळी अर्ध्या वर्षात सोडून जातात. मग वर्गावर कोण उभं राहणार?"

"अगदी बरोबर. हेच वाक्य फिर्यादीत लिहा. मी जसंच्या तसं घेतो, आणि एक प्रत शिक्षण खात्याला पाठवतो."

त्यांनी पेनाला टोपण लावले. मग आमचे बोलणे फारच सभ्य झाले. फाइल गहाळ झाल्याचा गैरसमज होता, ती मिळाली, कोणाविरुद्ध तक्रार नाही, असे त्यांनी लिहून दिले. जाता जाता त्यांनी विचारले की हे प्रकरण इथेच संपले असे समजायचे ना? सहा वाजायला आले होते. मी हो म्हणालो. स्टेशन डायरीत दोन ओळींची नोंद केली आणि बाईंना ठाण्याच्या गाडीने स्वारगेटला पाठवले.

त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी बाराच्या सुमारास फोन आला. "झालं, साहेब," त्या म्हणाल्या. "मूळ कागद पाहिले आणि लगेच माझ्या हातात परत दिले." पाहिले आणि परत दिले, हे त्यांनी दोनदा सांगितले. पुढे त्यांना एका जिल्हा परिषदेच्या शाळेत कायम नेमणूक मिळाली. ठाण्यात पेढे मात्र मी त्याच दिवशी वाटले. आपण कोणाचे तरी आयुष्य मार्गी लावले असा माझा रुबाब चार दिवस टिकला.

आठवड्याने मी साध्या कपड्यांत त्या शाळेत गेलो. शिपायाला मी नाही नाही ते बोललो होतो, त्याची माफी मागायची होती. चूक कबूल करताना गणवेश आड येतो असा माझा अनुभव आहे. त्याने माझे बोलणे ऐकून घेतले, "जाऊ द्या साहेब, तुमचं काम हाय," म्हणाला. नोकरी त्याची अजून होती. मग त्याने सातवी ब कडे हात केला. "नव्या बाई आल्यात. परवापासनं."

मधली सुट्टी होती. त्या वर्गातच वह्या तपासत होत्या, जेमतेम तिशीच्या. मी ओळख सांगितली आणि विचारले की त्यांची मूळ प्रमाणपत्रे कुठे आहेत. त्यांनी मान वर न करता कार्यालयाच्या दिशेने पेन दाखवले.

इतकी वर्षे गुन्ह्याचा तपास केला, पण त्या दिवशी मला माझाच तपास लागला. माझ्या टेबलावर एक माणूस स्वतःच्या तोंडाने गैरप्रकार कबूल करत होता. त्या कपाटात आणखी पंधराएक लोकांचे आयुष्य नाडीने बांधून ठेवले होते, ते मी सकाळी डोळ्यांनी पाहिले होते. आणि मी एका बाईची सातची गाडी पकडून देण्याच्या बदल्यात त्याला प्रकरण संपल्याचा शब्द दिला होता. पुन्हा तीच वेळ आली तर मी वेगळे काय करीन, हे मला आजही छातीठोकपणे सांगता येत नाही. पण सुटका आणि न्याय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिली केली की दुसरी झाली असे समजण्याची सवय आम्हा पोलिसांना फार लवकर लागते, एवढे मात्र मी तिथे शिकलो.

मी नव्या बाईंना म्हणालो, "आपण लेखी तक्रार द्या. मी स्वतः घेतो. काहीही होणार नाही आपल्याला."

त्यांनी आधी दाराकडे पाहिले, मग माझ्याकडे. "चार वर्षांनी वर्ग मिळालाय मला, साहेब. आपण इथे उभे राहून माझ्याशी बोलताय, हेसुद्धा मला महागात पडेल. प्लीज, जा तुम्ही."

मुले परत यायला लागली होती. त्यांना जागा देत मी दारातून बाहेर पडलो.